मुलीला नागपुरात ठेवू की गोंदियाला पाठवू?

नीटचा निकाल लागला की या सदराकडे पत्रांची रीघ लागते. त्यातली तीन पत्रं या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्या एका घराच्या अडचणी निम्म्या विदर्भाच्या आहेत.

प्रश्न : ताई, मी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पत्नी घरी शिवणकाम करते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमीलेयर निघतं. मुलीला नीटमध्ये बरे गुण आहेत, पण मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची दोन सरकारी कॉलेजं, मिळतीलच असं नाही. मेहुणे म्हणतात, पोरीला बाहेर कशाला पाठवता, इथल्याच एखाद्या खासगी कॉलेजात टाका, घरून जाईल-येईल, राहण्याजेवणाचे पैसे वाचतील. शेजारचे मास्तर म्हणतात, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली कुठलंही घ्या, पण सरकारी घ्या. नव्या सरकारी कॉलेजांत शिकवायला माणसं नाहीत असंही कानावर येतं. आम्हाला झेपेल असं कॉलेज निवडायचं कसं? — एक वडील, मानेवाडा

उत्तर : भाऊ, आधी माझं मत सांगते, मग कारणं. तुमच्या मुलीच्या पसंतीक्रमात महाराष्ट्रातलं शेवटचं सरकारी कॉलेज संपल्याशिवाय पहिलं खासगी कॉलेज येऊ देऊ नका. मानेवाड्याचं घर जवळ पडतं एवढ्यावर साडेपाच वर्षांचा निर्णय घेऊ नका.

नागपुरातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात माझी सारी नोकरी झाली. फीच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, बॉण्डच्या फायली, हेच माझं काम. पहिल्या वर्षाची फी घरं कशीबशी भरतात. आजी अंगावरचं काही मोडते, मामा हातउसने देतात, आनंदाच्या भरात सगळे पुढे येतात. तिसऱ्या वर्षी मात्र वडील खिडकीवर एकटेच येत. लेकीला सोबत आणलेलं नसे. रांग संपेपर्यंत बाजूला थांबत आणि मग हळूच विचारत, 'मॅडम, दोन टप्प्यांत भरलं तर चालेल का?' माझ्या हातात ते नसायचं. म्हणून कोणी मला 'या कॉलेजची फी किती' असं विचारलं की मी विचारते, कितव्या वर्षाची?

एमबीबीएसचं शिक्षण साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. इंटर्नशिपमध्ये स्टायपेंड मिळतो, त्यामुळे खरा भार साडेचार वर्षांचा. राज्यातल्या सरकारी कॉलेजांची वर्षाची फी सध्या लाख-दीड लाखाच्या घरात आहे. होस्टेलचं भाडं त्या मानाने किरकोळ असतं, मेसचे महिन्याला साधारण चार हजार धरून चाला. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजगणिक ठरवतं आणि ती सरकारीच्या कितीतरी पट असते. त्याच कॉलेजच्या संस्थात्मक, म्हणजे व्यवस्थापनाच्या, कोट्यातली जागा घेतली तर फी आणखी काही पटींनी वाढते. तिकडे तर तुम्ही बघूच नका.

आता तुमच्या मुलीच्या हक्काची गोष्ट. 8 जुलै 2024 ला राज्य सरकारने निर्णय काढला. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, अशा ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. वैद्यकीय शिक्षण त्यात येतं. प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश यंत्रणेच्या, कॅप राऊंडमधून (केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) झालेला असला पाहिजे, ही अट. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर करायचा. म्हणजे सरकारी कॉलेज मिळालं तर तुमच्या खिशातून जाणार ते होस्टेल, मेस, पुस्तकं आणि किरकोळ शुल्कं.

मेहुण्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणतील, मग खासगीतही माफ आहे की! कागदावर बरोबर आहे. कॅपमधून मिळालेल्या खासगी विनाअनुदानित जागेलाही ही सवलत लागू होते. माझी भीती वेगळी आहे. सवलत दरवर्षी नव्याने मिळवावी लागते. उत्पन्नाचा दाखला अडकला, मुलीचं एखादं वर्ष मागे राहिलं, तुम्हाला बढती मिळाली आणि पत्नीचं शिवणकाम वाढून एकत्र आकडा 8 लाखांवर गेला, यातलं काहीही झालं तर त्या वर्षीची फी तुमच्या अंगावर येते. सरकारी कॉलेजात ती लाख-दीड लाख असेल. सोसायटीतून कर्ज काढून, पीएफमधून उचलून माणूस ती भरू शकतो. खासगीतला तोच आकडा तुमच्या दोघांच्या वर्षभराच्या कमाईहून मोठा असेल. शिवाय माफी आहे ती शिक्षण आणि परीक्षा शुल्काला. विकास शुल्क, अनामत, गणवेश, बस असं बाकीचं बरंच तुमच्याकडेच राहतं. मेस वाचवायला निघालेलं घर असं दुसरीकडून बुडताना मी पाहिलं आहे.

अभिमत (डीम्ड) विद्यापीठाची कॉलेजंही नागपूर-वर्धा पट्ट्यात आहेत. त्यांचे सगळे प्रवेश दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून, होतात, फी वर्षाला पंधरा-वीस लाखांच्या पुढे जाते आणि राज्याची ही मुलींची सवलत खासगी अभिमत विद्यापीठांना लागू नाही. त्यांच्या फेरीत नाव घालायलाच दोन लाखांची अनामत लागते. कोणी 'भरून तर ठेवा' म्हणालं तरी भरू नका.

पण एमसीसीचा साधा अर्ज मात्र चुकवू नका. नागपूरचे पुष्कळ पालक फक्त सीईटी सेलचा अर्ज भरतात आणि मिहानमधल्या एम्सवर पाणी सोडतात. एम्समध्ये राज्याचा कोटा नसतो, सगळ्या जागा एमसीसीच्या फेरीतून भरतात. 2018 मध्ये सुरू झालेली ही संस्था आता स्वतःच्या जागेत नांदते आहे आणि तिथली वर्षाची फी इतकी कमी की एखाद्या शिकवणीची महिन्याची फी त्याहून जास्त निघेल. त्याच अर्जात देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के अखिल भारतीय जागाही येतात. अनामत सर्वसाधारण गटाला दहा हजार आणि राखीव गटाला पाच हजार. नोंदणी शुल्क वेगळं, पण थोडं.

इथे एक खाचखळगा आहे. एमसीसीला राज्याचं नॉन-क्रिमीलेयर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि ते चालू आर्थिक वर्षातलं हवं. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघा. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. सेतू केंद्रावर गेलात की 'केंद्राचं वेगळं द्या' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर तुमच्या हातात राज्याचंच पडेल.

'बरे गुण' असं तुम्ही लिहिलंत. आकडा लिहिला नाहीत हे चांगलंच केलंत, कारण नुसत्या गुणांवरून काही कळत नाही. 2024 मध्ये पहिल्या निकालात 720 पैकी 720 घेणारी 67 मुलं होती. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. गेल्या किंवा त्याच्या आदल्या वर्षी अमुक गुणांना मेयो मिळालं, अशा यादीवर म्हणूनच विसंबू नका. मागच्या दोन-तीन वर्षांत तुमच्या प्रवर्गात कोणत्या कॉलेजची जागा कितव्या क्रमांकाला बंद झाली, ते सीईटी सेलच्या याद्यांतून काढा आणि मुलीच्या क्रमांकाशी ताडून बघा. एका रविवारी दोघं बाप-लेक वही घेऊन बसलात तर होतं. समुपदेशनाच्या नावाखाली काही हजार घेऊन हेच काम करून देणारे धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत बसले आहेत. त्यांना पैसे देऊ नका.

आणखी एक जुनी समजूत. विदर्भाच्या मुलांना विदर्भातल्या जागा राखीव असतात, असं अजूनही कित्येक घरांत मानतात. 70 टक्के जागा त्या भागातल्या मुलांना आणि 30 टक्के सगळ्या राज्याला, हा 70-30 चा नियम 2020 मध्ये रद्द झाला. आता मेडिकलच्या जागेवर कोल्हापूरच्या मुलाचा जेवढा हक्क, तेवढाच तुमच्या मुलीचा मिरजेच्या जागेवर. म्हणून यादी भरताना वर्धा नदीशी थांबू नका. नांदेड, अंबाजोगाई, मिरज, धुळे, सगळी लिहा.

माझी मुलगी असती तर मी क्रम असा लावला असता : वर मेडिकल, मग मेयो. मेडिकल 1947 चं, मेयोचं कॉलेज 1968 चं. दोन्हीकडे घरून जाता येतं. छिंदवाडा, बालाघाट, शिवनीपासूनचे रुग्ण तिथे येतात, त्यामुळे वॉर्डात उभं राहूनच अर्धं शिक्षण होतं. त्याखाली यवतमाळ, अकोला. मग चंद्रपूर आणि गोंदिया, ही दोन्ही गेल्या दशकातली कॉलेजं, आता रुळली आहेत. गोंदिया तुम्हाला लांब वाटतं, पण ते हावड्याच्या मार्गावर आहे, दिवसभर गाड्या आहेत, शनिवारी दुपारी निघालेली मुलगी संध्याकाळी घरी जेवायला असेल. राज्यातली बाकीची जुनी सरकारी कॉलेजं यांच्याच बरोबरीने आपल्या सोयीने घाला. त्यानंतर नवी.

सेवाग्रामला मी मुद्दाम वेगळं काढते. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ते सुरू केलं. सरकारी नाही, पण अनुदानित आहे. तिथे खादी घालावी लागते, मांसाहार नाही, सुरुवातीचे दिवस आश्रमात शिबिराला राहावं लागतं आणि प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक असतं. ज्या मुलीला हे मनापासून आवडेल तिच्यासाठी त्यासारखं कॉलेज नाही. फी परवडते म्हणून नाइलाजाने गेलेल्या मुलांना तिथे जड जातं. मुलीला एकदा घेऊन जा, वर्धेला उतरून दिवसभरात बघून परत येता येतं. मग तिलाच ठरवू द्या.

आता तुम्ही विचारलेला कळीचा प्रश्न, नव्या कॉलेजांत माणसं नाहीत का? 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यातली पाच आपल्याकडची : अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा. एवढी कॉलेजं एका वेळी उघडली की प्राध्यापक कमी पडणारच. ही तक्रार खोटी नाही आणि मी ती झाकणार नाही. पण सगळ्या कॉलेजांत ती सारखीही नाही, म्हणून ऐकीव गोष्टींवर यादीतून नाव काढू नका. जाऊन बघा, किंवा तिथे शिकणाऱ्या मुलाला गाठा आणि चार गोष्टी विचारा. शरीररचनेच्या विभागात विच्छेदनासाठी देह आहेत का, आणि एका टेबलाभोवती किती मुलं उभी असतात? शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या पहिल्या वर्षाच्या तीन विषयांना पूर्णवेळ शिक्षक आहेत की नागपूरहून कोणी आठवड्यातून येऊन जातं? मुलींचं होस्टेल आवारात आहे की गावात भाड्याच्या इमारतीत, आणि रात्री वाचनालयातून परतायचा रस्ता कसा आहे? जिल्हा रुग्णालय कॉलेजला जोडलेलं आहे, तर मुलांना तिथे कधीपासून जाऊ देतात? पहिल्या दोन प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळालं, तर बाकीच्या उणिवा सोसून घेता येतात.

रुग्णांची काळजी तर करूच नका. गडचिरोलीत शिकणारं मूल मलेरिया, सिकलसेल, सर्पदंश पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी बघेल. माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टरीण बाई सांगतात, त्यांना नाडी बघायला कोणा प्राध्यापकाने शिकवलं नाही, वॉर्डातल्या म्हाताऱ्या सिस्टरने शिकवलं. अशा सिस्टर जिल्हा रुग्णालयांत आहेत.

बॉण्डचं अनेक पालकांना भय वाटतं. सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते. ती पगारी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वर्ष काढलेल्या मुलीला पुढे एकटीने दवाखाना चालवायची भीती राहत नाही. स्वस्त शिक्षणाची ही परतफेड मला रास्त वाटते.

आणि कागद. यावर मी कितीही बोलू शकते, पण तुमच्या उपयोगाचं तेवढंच. आपल्या भागात घोटाळा होतो तो नावात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'नामदेव', सातबारावर 'नामदेवराव', वडिलांच्या आधारवर 'नामदेवजी'. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की माणूस एकच. पडताळणी करणाऱ्याला ते ठाऊक नसतं. मुलीची दहावीची गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक ही चारही आज टेबलावर एका ओळीत ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर आत्ताच प्रतिज्ञापत्र आणि दुरुस्ती करून घ्या.

जात वैधता झाली नसेल तर ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर तहसील कार्यालयात जाऊन जुन्या कोतवाल बुकाची नक्कल मागा. त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. कित्येक घरांची वैधता त्या एका पिवळ्या पानावर झालेली आहे. महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा मुलीच्या नावाचं खातं जोडलेलं आहे ना, ते बँकेत जाऊन बघा. 'जोडलं आहे' असं बँकेतल्या माणसाने तोंडी सांगणं पुरेसं नाही.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भाड्याने राहणाऱ्या मुलांसाठीही योजना आहेत. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. यातली एकच मिळते. कॉलेजच्या विद्यार्थी विभागात पहिल्याच आठवड्यात विचारा.

पुस्तकं आणि हाडांचा संच नवा घेऊ नका. वरच्या वर्षाची मुलं निम्म्याहून कमी किमतीत देतात आणि पानापानावर खुणा करून ठेवलेल्या असतात, त्या फुकट.

प्रश्न : मॅडम, मी काटोलजवळच्या गावात राहतो. बाबांची पाच एकर संत्र्याची बाग आहे. दुसऱ्यांदा नीट दिली, पात्र झालो, पण सरकारी मिळणार नाही हे कळलंय. एका एजंटचा रोज फोन येतो. परदेशात पंचवीस लाखांत एमबीबीएस होतं, तिथे डोनेशन नाही, परत आलं की लगेच प्रॅक्टिस करता येते, म्हणतो. बाबा दोन एकर विकायला तयार आहेत. मी जाऊ का? — एक विद्यार्थी

उत्तर : बेटा, वावर विकून जाऊ नकोस.

परदेशात चांगली विद्यापीठं नाहीत असं मी म्हणत नाही. तिथून शिकून आलेले उत्तम डॉक्टर नागपुरातही आहेत. पण 'परत आलं की लगेच प्रॅक्टिस' हे वाक्य खरं नाही, आणि ज्याचं पहिलं वाक्य खरं नाही त्याच्या पंचवीस लाखांच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये. त्यात विमानाची तिकिटं, व्हिसा दरवर्षी वाढवणं, तिथल्या थंडीचे कपडे, आजारपण, इथे आल्यावरच्या परीक्षेची शिकवणी, यातलं काहीच धरलेलं नसतं. रुपया घसरला की आकडा आपोआप वाढतो.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2021 मध्ये परदेशी पदवीसाठी नियम केले. शिक्षण किमान 54 महिन्यांचं, इंग्रजी माध्यमातलं, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात तिथल्या नागरिकासारखी प्रॅक्टिस करायची पात्रता मिळाली पाहिजे. परत आल्यावर एफएमजीई नावाची परीक्षा, 300 पैकी 150 गुण लागतात. ती उत्तीर्ण झाल्यावर इथे आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप. गेल्या काही वर्षांत या परीक्षेला बसलेल्या चार-पाच जणांत साधारण एक उत्तीर्ण झाला, कधी त्याहूनही कमी. उरलेले पुन्हा पुन्हा बसतात. त्यांच्या घरचं वावर तोवर विकलं गेलेलं असतं.

एजंटला एवढंच विचार : तुम्ही दाखवता त्या विद्यापीठातून आलेले किती जण गेल्या परीक्षेला बसले आणि किती उत्तीर्ण झाले, लेखी द्या. त्याचा फोन बहुधा थांबेल.

तू पात्र झाला आहेस म्हणजे दुसरे दरवाजे उघडे आहेत. आयुर्वेदाचे प्रवेशही नीटवरूनच होतात. सक्करदऱ्याचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं आहे. मेडिकलच्या आवाराला लागून शासकीय दंत महाविद्यालय आहे. राज्यभरात अशी सरकारी कॉलेजं आहेत आणि त्यांच्या फीसाठी वावर विकावं लागत नाही. फिजिओथेरपी आणि बीएस्सी नर्सिंग याकडे मुलगे अजून नाक मुरडतात. कशासाठी, मला कळत नाही. रुग्णाच्या सर्वांत जवळ दिवसभर कोण असतं? ज्या मुलाला माणसं बरी करायची आहेत त्याने या दोन्हींचा विचार करावा; नर्सिंगला मात्र राज्याची वेगळी सीईटी असते.

पण एक अट. आयुर्वेदाला जायचं तर आयुर्वेद शिकायला जा. एमबीबीएस हुकलं म्हणून रडत जाणारी मुलं साडेपाच वर्षं रडतच राहतात. तिसऱ्यांदा नीट द्यायची असेल तर कोणता विषय कच्चा आहे ते पहिल्या दोन गुणपत्रिका शेजारी ठेवून बघ. दोन्ही वेळा भौतिकशास्त्रच आडवं आलं असेल आणि त्यावर वर्षभर काम करायची तयारी असेल, तरच दे. राहायचं घरीच, अभ्यासही घरीच. राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा लातूरला शिकवणीसाठी जाण्यात बाबांचे आणखी दीड-दोन लाख घालू नकोस. आणि हे सगळं बाबांच्या समोर बसून, त्यांना वाचून दाखवून ठरव. बाग त्यांची आहे, पण ती विकायचा विचार ते तुझ्या तोंडाकडे बघून करत आहेत.

प्रश्न : मुलीला राज्याच्या पहिल्या फेरीत गोंदिया मिळालं. आम्हाला नागपूर हवं आहे. आत्ता प्रवेश घेतला तर पुढच्या फेरीतून नाव जाईल का? नाही घेतला तर गोंदियाही जाईल का? दोन दिवस झाले, घरात कोणाला झोप नाही. — एक आई, इतवारी

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. सरकारी जागा मिळाली आहे, घरात पेढे वाटा.

प्रवेश घ्या. ठरलेल्या मुदतीत गोंदियाला जाऊन मूळ कागद द्या, फी किंवा सवलतीचे कागद भरा आणि पावती घ्या. तिथे तुमच्यापुढे स्टेटस रिटेन्शन फॉर्म येईल. तो भरला म्हणजे 'आम्हाला हीच जागा ठेवायची आहे, पुढे जायचं नाही' असं लिहून दिल्यासारखं होतं. तुम्हाला नागपूर हवं असेल तर तो भरू नका. मुलगी पुढच्या फेरीत आपोआप राहील आणि गोंदियाची जागाही तोपर्यंत तिचीच.

पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं तर गोंदिया तत्क्षणी रद्द होतं. परत मागता येत नाही. म्हणून नव्या पसंतीक्रमात फक्त तीच कॉलेजं घाला जी तिला गोंदियापेक्षा खरोखर हवी आहेत. मेडिकल आणि मेयो दोनच हवी असतील तर दोनच घाला. यादी भरायची म्हणून खाली धुळे किंवा अंबाजोगाई टाकलं आणि तेच मिळालं, तर गोंदिया सोडून तिकडे जावं लागेल. तुमच्या गोंधळातली खरी जोखीम एवढीच आहे.

मूळ कागद कॉलेजात जमा होतात, तेव्हा जाण्यापूर्वी प्रत्येकाच्या निदान चार साक्षांकित प्रती आणि मोबाईलमध्ये स्वच्छ फोटो काढून ठेवा. एमसीसीच्या फेरीतही नाव असेल तर दोन्हींच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण दोन्हीकडे प्रवेश धरून ठेवता येत नाही आणि फेरीगणिक जागा सोडण्याचे नियम कडक होत जातात. यंदाची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहे. त्यातलं जागा सोडण्याचं प्रकरण मुलीने आणि तुम्ही दोघींनी आज रात्री वाचून काढा, आणि उद्या सकाळच्या गाडीने गोंदियाला निघा.